पट्टीखाली काय चाललंय?

ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुळशी तालुक्यात भातलावणीचे हेच दिवस. पाय तासन्‌तास चिखलात असतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही आणि ओल्या पट्टीखाली जखम चिघळली तरी ठणका लागत नाही. वेदनेची सूचनाच बंद पडल्यावर तिचे काम पट्टीने करावे, ही कल्पना म्हणूनच मोलाची वाटते. जखमेवर बांधायचे संवेदक (सेन्सर) बड्या इस्पितळांसाठी आहेत, असा समज आहे. खरी गरज मात्र जिथून तालुक्याचे गाव पौड गाठायला अख्खा दिवस मोडतो, त्या वाडीला आहे.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात समीर सोनकुसळे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सुती आणि कृत्रिम दोऱ्यांना विद्युतवाहक लेप देऊन दोऱ्यांचेच संवेदक केले. २०१८ साली त्यांनी तीन मिलिमीटरहून पातळ पट्टी दाखवली. ती जखमेचा सामू (pH) आणि तापमान मोजते आणि गरज पडल्यास जेल तापवून औषध सोडते. सामूच का? निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू साधारण साडेपाच. महिनोन्‌महिने रेंगाळलेली जखम बहुधा सातच्या पुढे, अल्कधर्मी बाजूला सरकलेली असते. हा फरक टिपायला पॉलिअ‍ॅनिलिनसारखा पदार्थ वापरता येतो. तो हायड्रोजनचे आयन धरतो-सोडतो आणि त्याचा विद्युतदाब बदलतो. मात्र हा दाब दुसऱ्या, स्थिर राहणाऱ्या अग्राच्या (इलेक्ट्रोडच्या) तुलनेतच मोजता येतो, आणि सगळी अडचण या दुसऱ्या अग्राची आहे. सामू एक अंकाने बदलला तर आदर्श स्थितीतही जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. जखमेतल्या स्रावाची प्रथिने या अग्रावर बसली, क्षारांचे प्रमाण हलले आणि त्याचा दाब वीस मिलिव्होल्टने घसरला, की सामू एक तृतीयांश अंकाने चुकतो. जखम होती तशीच असते, पण आकडा ती सुधारल्याचे सांगतो.

यावर कुणी म्हणेल, परिचारिकेने पट्टी सोडून पाहावी, एवढी यातायात कशाला? अनुभवी डोळ्याला काळी पडलेली कड दिसते, नाकाला वास येतो. यातले काही संवेदकाला जमत नाही, हे मान्यच. पण दर वेळी चिकटलेली पट्टी ओढताना नवी पेशीजाळी खरवडली जाते, जखम थंड पडते, आणि ताम्हिणीतल्या रोग्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. तपासणीला आज निघायचे की चार दिवसांनी, एवढेच पट्टीने सांगितले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी दशांशातल्या अचूकतेपेक्षा रोजच्या आकड्याचा कल जास्त उपयोगी पडतो. तापमानाचे गणित तर आणखी सोपे: दोन पायांच्या एकाच जागी २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

पुरावा अजून तोकडा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाची २०२२ सालची पट्टी उंदरांवर तपासली गेली. कॅलटेकने २०२५ साली चिवट जखमांच्या वीस रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. चिखलात उभ्या राहणाऱ्या पायाची परीक्षा याहून कठीण आहे: पाणी आत शिरले तर स्राव पातळ होतो आणि मोजमापच बिघडते. संदेश फोनवर पाठवायचा तर घाटात नेटवर्क हवे, म्हणून पट्टीवरच बदलणारा रंग मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याहून मोठी अडचण विजेची नाही की रसायनाचीही नाही. वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरच्या जखमा प्लास्टर घालून भरून आणल्या, कारण अशा जखमेला आधी हवा असतो तो भारापासून आराम. संवेदक भार कमी करत नाही. पट्टी लाल झाली, गावच्या आशा स्वयंसेविकेने ती पाहिली आणि पाय टेकू नका असे बजावले, तरी लावणी ऐन भरात असते. रोपे आठवडाभर थांबत नाहीत आणि त्या घरात दुसरा माणूस असेलच असे नाही. त्यामुळे पट्टीच्या किमतीबरोबरच बुडणाऱ्या मजुरीचा खर्चही चाचणीच्या आराखड्यात धरावा लागेल, आणि ती चाचणी जुलैतच घ्यावी लागेल.