एका किलोपासून रोजच्या तेरा लाख कपांपर्यंत

वसई-विरारमध्ये रोज किती चहा रिचवला जात असेल? 2011च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 12 लाखांवर होती. आता ती बरीच वाढली आहे, पण जुनाच आकडा धरू. भारतात माणशी वर्षाला सुमारे 800 ग्रॅम चहापत्ती लागते. कपाला 2 ग्रॅम धरले, तर शहराचे दिवसाला 13 लाख कप होतात आणि पत्ती लागते 26 क्विंटल. यात तान्ही बाळंही मोजली आहेत!

हे पान चीनचं, आणि ते जगभर पोचलं त्या गोष्टीत वसईही आहे. 1534च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे आली. मुंबईचा कारभार वसईहून चाले. 1661च्या विवाह-कराराने हीच मुंबई पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात गेली. कॅथरीनला चिनी चहाची सवय माहेरची. तिच्यामुळे इंग्रजी दरबारात चहाला मान मिळाला. 1664मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने राजाला चहा नजर केला, तो जेमतेम एक किलो. 1830च्या सुमारास हीच कंपनी चीनमधून वर्षाला सुमारे तीन कोटी पौंड, म्हणजे 1 कोटी 36 लाख किलो चहा नेत होती. त्याची किंमत आधी चांदीत चुकवली गेली, मग कलकत्ता आणि मुंबईहून गेलेल्या अफूत. चहाचा हा हिशेब त्या अफूशिवाय मांडणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

आज चीन वर्षाला 300 कोटी किलोंहून जास्त चहा पिकवतो. त्याच देशात वूयी डोंगरातल्या कड्यावर ‘दा हाँग पाव’ चहाची सहा जुनी झाडं आहेत. 2005मध्ये त्यांचा 20 ग्रॅम चहा 2 लाख 8 हजार युआनला विकला गेला. पुढच्याच वर्षी त्यांची तोडणी बंद झाली.

मला मात्र थक्क करतं ते चीनमधलंच छंगदू शहर. 1935मध्ये तिथे 599 चहाघरं होती आणि रोजची गिऱ्हाइकं 1 लाख 20 हजार. शहराची वस्ती सुमारे सहा लाख, म्हणजे रोज दर पाचवा माणूस चहाघरात. बशीवर झाकणाचा पेला. झाकण जरा तिरकं धरायचं, पानं मागे राहतात, घोट तेवढा ओठांशी येतो. पाणी संपलं की तोटीच्या किटलीतून पुन्हा उकळतं पाणी, त्याच पानांवर. सौदे तिथेच ठरत, भांडणंही तिथेच मिटत आणि ज्याची चूक ठरे तो सगळ्यांच्या चहाचे पैसे भरे.

त्या प्रमाणात वसई-विरारला 1,200 चहाघरं लागतील. इथे आहेत टपऱ्या. विरार स्टेशनबाहेर पातेल्यात आलं ठेचून पडतं, चहा फेसाळत काठापर्यंत येतो, कापडातून गाळला जातो आणि कटिंग हातात येतं ते उभ्यानेच प्यायला. लोकल कुणासाठी थांबत नाही.

मग वेळेचाच हिशेब करू. छंगदूच्या गिऱ्हाइकाने दोन तास बसावं असं धरलं, तर त्या शहराचे रोजचे 2 लाख 40 हजार तास होतात: जवळपास साडेसत्तावीस वर्षं, एकाच दिवसात. आपल्या 13 लाख कपांना प्रत्येकी तीन मिनिटं दिली, तर होतात 65 हजार तास, म्हणजे साडेसात वर्षांनाही थोडे कमीच.