जठराचा पाठ शिकविताना

एका शाळेच्या तपासणीच्या वेळी मी मुलांस सांगितले, "जठर जेथे असेल तेथे हात ठेवा." वर्गातील सर्व हात बेंबीवर गेले, गुरुजींचाही हात नकळत तेथेच गेला. यात त्यांचा फारसा दोष नाही. आपल्या बोलण्यात त्या सर्व भागास 'पोट' म्हणतात, आणि फळ्यावर माणसाचे शरीर नसून नुसती एक पिशवी काढलेली असते. वस्तुतः जठर बेंबीच्या बरेच वर, डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड असते. मुलाच्या स्वतःच्या अंगावर ही जागा दाखविल्यावाचून आकृतीस आरंभ करू नये, असे माझे मत आहे.

रिकामे जठर मिटलेल्या बटव्यासारखे असून त्याच्या अस्तरास चुण्या असतात. जेवणानंतर ते फुगते. प्रौढ माणसाच्या जठरात सुमारे १ ते १.५ लिटर अन्न मावते. त्याच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर आहेत: उभा, वर्तुळाकार व तिरकस. यांपैकी तिरकस थर आतड्यास नसतो. या तिन्हींच्या आकुंचनामुळे अन्न ताकासारखे घुसळले जाते. खालच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. ते पातळ झालेले अन्न थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडते. या कामास साधारणपणे २ ते ४ तास लागतात. तुपकट जेवणास अधिक.

"अन्न जठरात पचते" हे वाक्य मुले पाठ म्हणतात, परंतु ते अपुरे आहे. पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते. जठरात मुख्यत्वे प्रथिनांच्या पचनास आरंभ होतो. उरलेले पचन व बहुतेक सर्व शोषण लहान आतड्यात होते. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन असते. आम्लाचे कार्य दाखविण्यास प्रयोगशाळा नको. कोमट दुधात लिंबू पिळावे, दूध फाटते. तान्हे मूल ओकते तेव्हा दूध फाटलेले का असते, हे मुलांस लगेच उमगेल. मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "हे आम्ल जठरालाच का खात नाही?" अस्तरावर चिकट श्लेष्माचा लेप असतो, आणि त्याखालच्या पेशी काही दिवसांतच नव्याने तयार होत असतात, असे त्यास सांगावे.

हे ज्ञान कसे मिळाले, ती कथाही वर्गात सांगण्याजोगी आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणास डाव्या कुशीत अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंतचे छिद्र कायमचे उघडे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी १८२५ पासून रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून ते त्या छिद्रातून आत सोडले व ठरावीक वेळाने काढून पाहिले. जठरातून काढलेला रस ऊबेत ठेवला असता कुपीतही मांस विरघळते, हेही त्यांनी दाखविले. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यांचा ग्रंथ १८३३ साली प्रसिद्ध झाला.

त्यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या कामाचे आहे. राग वा भीती यांनी जठराच्या अस्तराचा रंग पालटतो व रस कमी होतो, असे त्यांनी नोंदविले. शाळेत आहार वाढला जात असता, पाढा न आलेल्या मुलास पंगतीतच उठवून खडसावण्याचा प्रघात मी काही ठिकाणी पाहिला आहे. तो पाढा जेवणानंतर विचारता येईल.