छप्पन प्रहरांचे गाणे

चैत्र लागतो, रबीची रास घरात येऊन पडते आणि नायगावच्या बाजारात, पारावर, दुकानांच्या दारांवर पिवळ्या-गुलाबी पत्रिका झळकू लागतात. सप्ताहाचे दिवस आले म्हणायचे! नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव १९९९ साली बिलोलीपासून वेगळे होऊन तालुक्याचे ठिकाण झाले. पण तालुका नवा असला तरी कुंटूर, बरबडा, मांजरम, गडगा अशा भोवतालच्या गावांतून उठणारा टाळांचा नाद मात्र पुरातन आहे. रामनवमी ते हनुमान जयंती या दिवसांत सायंकाळी मोकळ्या रानात क्षणभर उभे राहावे. वारा वळेल तसतसा एकदा या गावचा, एकदा त्या गावचा मृदंग कानी येतो, आणि एरव्ही शेतीच्या विवंचनेत बुडालेला हा सारा मुलूख एखाद्या विस्तीर्ण गायनशाळेसारखा भासू लागतो.

पत्रिका वाचण्याचीही एक रीत असते. मधोमध कीर्तनकार महाराजांच्या तसबिरी, रोज एक. खाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, चोपदार आणि अन्नदाते यांची नावे. अगदी तळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा बारीक टाइपात, विणेकऱ्यांची आणि पहाऱ्यांची यादी. आम्ही पत्रिका नेहमी तळाकडून वाचावयास घेतो. वरची नावे जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात आणि जातात. गावाचे स्वतःचे काय आहे ते त्या तळच्या यादीवरूनच कळते.

अखंड हरिनाम सप्ताह या नावातील ‘अखंड’ हा शब्द शोभेचा नव्हे. सात दिवस म्हणजे १६८ तास. तीन तासांचा एक प्रहर धरला तर छप्पन प्रहर. पहिल्या दिवशी कलशपूजन होऊन वीणा एकदा गळ्यात पडली, की काल्यापर्यंत ती भुईला टेकू द्यायची नाही असा दंडक. एकाच्या गळ्यातून काढावयाची, दुसऱ्याने तिला नमस्कार करून आपल्या गळ्यात घ्यावयाची, आणि या देवघेवीतही तार मुकी होऊ द्यायची नाही. ही वारकरी वीणा म्हणजे राग आळविण्याचे वाद्य नव्हे. तिने केवळ स्वर धरून ठेवावयाचा असतो. सरावलेल्या गवयाला ते काम किरकोळ वाटेल. परंतु सबंध सप्ताह ज्या स्वरावर उभा असतो तो हाच.

दिवस पहाटे ४ वाजता काकड्याने उजाडतो. भूपाळ्यांपाठोपाठ वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी अशी एकामागून एक सोंगे अभंगांतून येतात. रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्याच्या तोंडी संतांनी परमार्थ घातला तो असा. चाली साध्या, पण पहाटेच्या स्वरांना धरून असलेल्या. भूप, भैरव ही नावे ज्याने कधी ऐकली नाहीत असा शेतकरीही त्या बिनचूक म्हणतो, कारण त्या त्याने आजोबांच्या मांडीवर ऐकलेल्या असतात. मग विष्णुसहस्रनाम, त्यानंतर ज्ञानेश्वरीचे पारायण. अठरा अध्यायांच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत पुऱ्या करावयाच्या, म्हणून व्यासपीठावरून पुढे वाचणारा आणि मागून म्हणणारे यांची एक लयच जमून जाते. माध्यान्हीला गाथ्यावरील भजन. सायंकाळी हरिपाठ.

हरिपाठ मात्र नुसता ऐकावयाचा नव्हे, पाहावयाचा. दोन समोरासमोर रांगा, हातात टाळ, पायांत पावली. पुढे, मागे, बाजूला आणि पुन्हा जागेवर. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७-२८ अभंग होईपर्यंत लय हळूहळू चढत जाते आणि शेवटी अंगणातील धूळ विजेच्या दिव्याच्या उजेडात तरंगू लागते. अलीकडे या रांगांत मुलींची संख्या वाढली आहे, कित्येक गावी मुली मृदंगही वाजवितात. गोदावरीच्याच काठी, गंगाखेडला जनाबाईचे गाव. तिच्या प्रदेशात मुलींच्या हाती टाळ यावयास इतकी शतके लागावीत, हेच खरे तर नवल.

रात्रीचे कीर्तन हा सप्ताहाचा कळस. कीर्तनकार मध्ये, मागे अर्धवर्तुळात टाळकरी, एका बाजूस मृदंग. रूपाचे अभंग होतात, मग निरूपणाचा अभंग लागतो. बोलता बोलता महाराज एका चरणापाशी थांबतात. तेवढ्यात गायनाचार्य तो चरण उचलतात, टाळकरी तो झेलतात, ठेका दुगुनीत जातो, आणि आतापर्यंत जे तर्काने ऐकले ते पुन्हा एकदा कानांनी ऐकावयास मिळते. वारकरी कीर्तनातील गाण्याचे खरे मर्म हे. ते विवेचनाच्या मधले विश्रांतिस्थान नसते, विवेचनच त्यात पुरे होते.

मृदंगाविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. त्याच्या उजव्या तोंडावर शाई कायमची असते. डाव्या तोंडावर दरवेळी ताजी भिजविलेली कणीक लावावी लागते. कणीक कमी झाली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर बद्द. चैत्रातल्या झळांत ती भराभर सुकते, म्हणून वादक मधूनच ओले बोट फिरवितो. ही कणीक भिजविण्याचे काम बहुधा एखाद्या दहा-बारा वर्षांच्या पोराकडे असते आणि त्याच्या वादनाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा तिथेच होतो. मराठवाड्याने देशाला पखवाज दिला तो अशाच अंगणांतून. बीड जिल्ह्यातील आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचा हात दरबारी मैफलींत गाजला, पण त्यांच्या घराला भजनाचे वळण होते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून गायन-वादनासह चार वर्षांचा अभ्यास करून आलेली मुले खेडोपाडी आहेत. संस्थेच्या आरंभीच्या पिढीतील नेकनूरच्या बंकटस्वामींनी तर निजामी अमलातील मराठवाड्यात कीर्तन आणि सप्ताह यांचा प्रसार करण्यात हयात वेचली. सात दिवस जागते नाम ठेवावयाचे ही प्रथा त्याहूनही जुनी. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा, दरवर्षी निराळ्या गावी बसणारा सप्ताह पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

ज्याला केवळ श्रवणाचीच हौस आहे, त्याने या आठवड्यात नायगावहून निघून चार दिशांना चार रात्री घालवून पाहाव्यात. या टापूत वीरशैव समाजाची वस्ती मोठी. तेथे हरिनामाऐवजी शिवनाम सप्ताह बसतो, मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण होते आणि कीर्तनाला टाळ-मृदंग तेच असतात. अहमदपूरच्या डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी २०२० साली नांदेड येथे देह ठेवीपर्यंत या परंपरेला जो आधार दिला, त्याची आठवण गावोगाव निघते. लातूरकडे औशाच्या नाथ संस्थानचे चक्रीभजन आहे, गोल फिरत म्हणावयाचे. पंढरीतही त्याचा मान आहे. गोदावरीपलीकडे उमरी तालुक्यातील गोरटे येथे दासगणू महाराजांचे स्थान. १८६८ ते १९६२ असे दीर्घ आयुष्य लाभलेला हा पूर्वाश्रमीचा पोलीस शिपाई नारदीय कीर्तनातला सिद्धपुरुष झाला. नारदीय पद्धतीत कीर्तनकार एकटाच पूर्वरंगात तत्त्व सांगतो, उत्तररंगात आख्यान रंगवितो, आणि साथीला तबला-पेटी. मागे टाळकऱ्यांची भिंत नसल्यामुळे सारा भार एका गळ्यावर. दोन्ही पद्धती लागोपाठच्या रात्री ऐकल्या म्हणजे एकाच संताच्या वचनाला किती निरनिराळे आवाज असू शकतात हे ध्यानी येते. आणि नांदेडला पहाटे सचखंड गुरुद्वारात जाऊन बसावे. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत. आपल्या नामदेवाचा शब्द तेथे रागदारीत, पेटी-तबल्यावर, पंजाबी वळणाने गाईला जाताना कानी आला तर मराठी माणसाने दचकू नये. तो पंढरीहून चालत चालत तिथवर पोचला होता, एवढेच.

हे झाले ऐकणाऱ्याचे. पण सप्ताहात निव्वळ ऐकणारा म्हणून फार काळ राहता येत नाही, याचा अनुभव आम्हास याच तालुक्यातील एका लहानशा गावी आला. तिसरी रात्र होती. कीर्तन संपून मंडळी पांगली, ध्वनिक्षेपक बंद झाला. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते पहाटे ६ त्याला मनाई केली आहे. पुष्कळांना ती जाचक वाटते. आमचे मत विपरीत आहे. भोंगा थांबला म्हणजे वीणा ऐकू येऊ लागते. मारोतीच्या देवळात एक वृद्ध गृहस्थ वीणा घेऊन उभे होते आणि दोन टाळकरी अधूनमधून पेंगत नाम म्हणत होते. १ वाजता दुसऱ्याची पाळी. यादीत नाव होते, माणूस नव्हता; तो हैदराबादेस कामावर गेलेला, येईन म्हणाला होता. २ वाजले, अडीच झाले. वृद्धाचे पाय थरथरत होते, तरी ते भिंतीला टेकेनात. अखेर आमच्याकडे पाहून अगदी सहज म्हणाले, “माउली, घटकाभर धरता का?”

आम्ही कागद-पेन्सील घेऊन टिपणे काढावयास गेलेलो. आम्हाला स्वर धरता येत नाही असे सांगून पाहिले. ते म्हणाले, “तारेला येतो ना!” वीणा गळ्यात आली तेव्हा तिचे वजन फार नव्हते, पण तासाभराने खांदा बोलू लागला. लय चुकली की झोपेतला टाळकरी डोळे न उघडता टाळाच्या एका ठोक्याने आम्हास जागेवर आणी. काकड्यासाठी बायका पणत्या घेऊन आल्या तेव्हा वेळेचे भान आले.

त्या रात्रीपासून तळच्या यादीची चिंता अधिक वाटू लागली. मोठ्या नावाचे कीर्तन ठेवावयास गावे हजारो रुपये उभे करतात, मांडव आणि प्रकाशयोजना यांवर खर्च होतो, गर्दी लोटते. त्यात वावगे काही नाही. चांगले ऐकण्याची हौस असावीच. परंतु तरणी माणसे पुण्या-हैदराबादेस पांगलेली, आणि रात्री ११ ते पहाटे ४ हे पहारे कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. काही गावी आता मानधन देऊन बाहेरचे विणेकरी आणावे लागतात. वीणा त्यामुळे खंडत नाही हे खरे. मात्र ज्या गावाला आपल्या छप्पन प्रहरांसाठी आपले हात पुरत नाहीत, त्या गावात उद्या तो चरण झेलणारे टाळकरी कोठून यावयाचे? उत्तम कीर्तनकाराचेही गाणे मागच्या ओळीवाचून उभे राहत नाही. ही ओळ शाळेत तयार होत नाही, पहाऱ्यात होते.

जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. ती यादी पूर्वी साऱ्या गावाची नसे. चोखोबांचे अभंग म्हणणाऱ्या गावांनी त्यांच्या वंशजांना मांडवाबाहेर बसविले; खुद्द पंढरीचे द्वार १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणास लावले तेव्हा सर्वांना उघडले. आज हात कमी पडतात म्हणून हळहळणाऱ्यांनी, पूर्वी आपण किती हात दूर लोटले याचाही हिशेब मांडावा. ज्या गावांनी यादी खरोखर साऱ्या वस्त्यांची केली, तेथे पहारा रिकामा जात नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या लहान गावी काल्याच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दहीहंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला ओंजळी-ओंजळीने वाटला गेला. हैदराबादचा तो मनुष्य रात्रीच्या गाडीने आला होता. त्याने कोणाला काही न सांगता शेवटचा पहारा पहाटेपासून एकट्याने केला, असे कळले. आरती झाल्यावर वृद्ध गृहस्थांनी त्याच्या गळ्यातील वीणा उतरवून घेतली आणि सात दिवसांनंतर प्रथमच ती खाली, देवापुढच्या पाटावर ठेवली. मंडपात पंगती बसू लागल्या होत्या. मृदंगाशेजारी एक पोरगा डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक नखाने खरवडीत बसला होता, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी स्वतःच्या गुडघ्यावर ठेका धरून होता.