चेहरा आणि उजेड

छायाचित्रकलेत व्यक्तिचित्र हा प्रकार वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो. समोर माणूस असतो, हातात कॅमेरा असतो आणि कळ दाबली की चित्र मिळते. परंतु ते चित्र पाहून घरच्या माणसांनी ‘हा तोच’ म्हणावे आणि ज्याचे चित्र आहे त्यालाही ‘हा मीच’ असे वाटावे, हे साधणे कठीण असते. चौदा ते अठरा या वयातील मुलामुलींच्या बाबतीत ते अधिकच कठीण. या वयात चेहरा पाहता पाहता बदलतो. मिसरूड फुटते, मुरुमे येतात, गालांची गोलाई जाऊन हनुवटी निश्चित होऊ लागते. आपण इतरांना कसे दिसतो, ही चिंताही याच वयात तीव्र असते. त्यामुळे पुष्कळ घरांत या वयाचे जपलेले असे एकच चित्र सापडते : परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी स्टुडिओत काढलेले, ताठ मानेचे आणि भेदरलेल्या नजरेचे.

स्टुडिओचा पडदा सोडून अशी चित्रे मोकळ्या उजेडात कशी काढावीत, हे आपण रायपूरच्या आधाराने पाहू या. छत्तीसगडच्या या राजधानीशी मराठी भाषकांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि आजही तेथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. शहरात तलाव पुष्कळ. त्यांपैकी बूढा तलावाला विवेकानंद सरोवर असेही म्हणतात; तेथे स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. १८७७ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, ते वडिलांच्या कामामुळे रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे राहिले. मात्र त्यांची आज ठाऊक असलेली सर्वांत जुनी छायाचित्रे १८८६ च्या सुमाराची, म्हणजे ऐन तारुण्यातील आहेत. रायपुरातला तो चौदा वर्षांचा मुलगा कसा दिसत होता, हे पुतळ्याखाली उभे राहूनही आपल्याला कळत नाही.

आता उजेडाकडे वळू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि रायपूर त्या रेषेच्या अगदी जवळ आहे. म्हणून तेथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्यही जवळजवळ मध्यान्ही असतो. मुंबईत हीच स्थिती सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा येते. मुंबईच्या सवयीने ‘अजून साडेपाच तर वाजले आहेत’ असे म्हणणारा छायाचित्रकार डिसेंबरात रायपूरच्या तलावावर पोहोचेल, तेव्हा सूर्य मावळलेला असेल. मे महिन्याच्या अखेरीस मात्र तोच सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो.

रायपूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य तेथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. पायाखाली सावली उरत नाही. अशा उजेडात माणूस उभा केला, तर भुवयांची सावली डोळ्यांत पडून डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे दिसतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. यावरून घड्याळापेक्षा खात्रीचे एक साधन हाती येते, ते म्हणजे आपली स्वतःची सावली. ती आपल्या उंचीहून लांब असेल, तर उजेड चेहऱ्यावर समोरून किंवा बाजूने येत आहे. ती आखूड होऊ लागली, की उघड्यावरून आडोशाला जावे.

आडोसा म्हणजे अंधार नव्हे. घराचा ओटा, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, इमारतीची लांब सावली, अशा ठिकाणी ऊन थेट येत नाही. परंतु समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड येतो. मुलाला सावलीच्या कडेपासून एक-दोन पावले आत, तोंड उजेडाकडे करून उभे करावे. झाडाखालची सावली मोहक दिसते, पण ती फसवी असते. कडुनिंबाच्या पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे डोळ्यांना सुंदर वाटतात. कॅमेऱ्याला ते चेहऱ्यावरचे पांढरे डाग म्हणूनच दिसतात. वड किंवा चिंच यांसारख्या दाट झाडाखाली ही अडचण कमी येते. एका बाजूने चेहरा फारच काळवंडत असेल, तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता धरावा. संध्याकाळी तलावाच्या काठावर हे काम पाणीच करते; उतरत्या उन्हाचा परावर्तित उजेड हनुवटीखालची सावली हलकी करतो.

येथपर्यंतचे सारे सरावाने जमते. यापुढचा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. तो त्वचेच्या रंगाचा आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्राला चेहरा समजत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असावे, असे गृहीत धरून ते उजेडाचे प्रमाण ठरवते. मागे चुन्याची भिंत किंवा तळपते आकाश असले, तर यंत्र दृश्य गडद करते आणि सावळ्या मुलीचा चेहरा काळा पडतो. उलट तोच सावळा चेहरा चौकटभर असला, तर यंत्र तो उजळवते. मग त्वचा फिकट व पिठूळ दिसते. दोन्ही चित्रे खोटीच. आजच्या मोबाइलमध्ये चेहऱ्याला ओळखण्याची सोय असते, पण तीही चुकते. म्हणून पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि उजेडाची पट्टी खालीवर करून त्वचा प्रत्यक्षात जशी दिसते तशी होईपर्यंत थांबावे. सावळ्या त्वचेवर कडक उन्हाची चकाकी चटकन उठते. बाजूने येणारा मऊ उजेड तिचा खरा पोत दाखवतो.

हा दोष एकट्या यंत्राचा नाही. फिल्मच्या काळात रंगीत छपाईतील त्वचेचा रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनापत्र पाठवीत असे. १९५० च्या दशकापासून अनेक वर्षे त्यावर गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्या पत्राला ‘शर्ली’ म्हणत. गोरी त्वचा बरोबर आली, की छपाई बरोबर मानली जाई. आपल्याकडे ‘जरा गोरी करून द्या’ ही मागणी स्टुडिओत वर्षानुवर्षे होत आली, आणि आता कित्येक मोबाइल न सांगताच चेहरा गुळगुळीत व उजळ करतात. असली सुशोभनाची सोय प्रथम बंद करावी. सोळा वर्षांच्या मुलीला तिचेच चित्र तिच्याहून दोन छटा गोरे करून देणे, म्हणजे तिचा रंग ही दुरुस्त करण्याची चूक आहे असे तिला सांगणे होय. मुरुमांची गोष्ट निराळी. चार दिवसांत जाणारा फोड पुसला तर बिघडत नाही, असे माझे मत आहे. तीळ, व्रण आणि रंग यांना मात्र हात लावू नये.

अंतराविषयी थोडे सांगितले पाहिजे. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद दृश्य घेणारी असते. ती चेहऱ्याजवळ नेली, तर नाक फुगते आणि कान मागे पळतात. दीड-दोन मीटर मागे सरून दुप्पट जवळ आणणारी लेन्स वापरावी. कॅमेरा असल्यास ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स योग्य. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

या वयातील मुलांपुढे खरी अडचण हातांची असते. ते कोठे ठेवावेत, हे त्यांना उमगत नाही. ‘हस जरा’ म्हटले की ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. त्यापेक्षा सायकल धरायला द्यावी, वेणी सोडून पुन्हा घालायला सांगावे, मित्राला सोबत बोलवावे. तेलीबांधा तलावाच्या गजबजलेल्या काठापेक्षा गल्लीतला ओळखीचा ओटा बरा, कारण तेथे बघ्यांची भीती नसते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकताना सहाध्यायिनींची जी चित्रे टिपली, त्यांतील मोकळेपणा अभ्यासण्याजोगा आहे. त्या तरुणी कॅमेऱ्यासाठी उभ्या केलेल्या वाटत नाहीत. मैत्रिणीसमोर असाव्यात तशा असतात. व्यारावाला रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरीत. तो पोटाशी धरून वरून त्यात पाहायचे असते, त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही. मोबाइलही आपण तसाच छातीशी धरू शकतो.

चित्र काढण्यापूर्वी मुलाची आणि त्याच्या पालकांची संमती घ्यावी. ते कोठे दाखवले जाणार, हेही सांगावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालकच मानले आहे. छायाचित्रणाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो. आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेत ते लावण्यापूर्वी त्याला विचारलेच पाहिजे.

काढलेली चित्रे मुलाला तेथल्या तेथे दाखवावीत आणि त्याला नकोसे वाटणारे त्याच्यासमोरच पुसावे. उरलेल्यांतील एक निवडून कागदावर छापून द्यावे. त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, वय, तारीख आणि ठिकाण लिहावे. शाईचा डाग पुढच्या बाजूला उमटतो.