सातबाऱ्यावरचं ‘सरकार’ म्हणजे कोण?

गावाच्या गायरानाचा सातबारा काढून पाहा. भोगवटादाराच्या जागी कुणा माणसाचं नाव नसतं. ‘सरकार’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’ असं लिहिलेलं असतं. आज आपल्याला या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे. काहीजण तो वाचून म्हणतात, सरकारची जमीन, सरकार तिचं काहीही करील. काहीजण म्हणतात, सरकारची म्हणजे कुणाचीच नाही, घाला कुंपण! आमच्या मते दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही सरकारला मालक धरलंय.

देवस्थानच्या जमिनीचं उदाहरण घेऊ. कागदावर जमीन देवाची. विश्वस्त ती सांभाळतात, हिशेब देतात, पण म्हणून ती त्यांची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या वनजमिनीबाबत हेच सांगितलं. तिथे एका हॉटेल कंपनीला जमिनीचा पट्टा दिला होता. न्यायालयाने तो रद्द केला आणि म्हटलं की नद्या, वनं, समुद्रकिनारे यांचं राज्य हे विश्वस्त आहे. आता लक्षात घ्या, पट्टा देणारं सरकार निवडून आलेलंच होतं. म्हणजे बहुमत मिळालं म्हणून मालकी मिळत नाही. पाच वर्षांसाठी निवडलेल्यांनी अजून न जन्मलेल्या मतदारांची जमीन कोणत्या अधिकाराने द्यायची?

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये तक्रार केली आहे की जे पुष्कळांचं असतं त्याची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते. आम्ही वर्गात हे बरीच वर्षं शिकवलं, पण आता ते अर्धंच खरं वाटतं. गावात गुरं होती, गुराखी होते, तोवर गायरानावर कुणी नांगर घातला की संध्याकाळपर्यंत चावडीवर बोभाटा व्हायचा. गुरं कमी झाली आणि गायरानाचा रोजचा राखणदारही गेला.

पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर गावात तळ्याची जमीन भराव टाकून बळकावली गेली. लोकांनी घरांवर पैसा खर्च केलाय, तेव्हा किंमत घेऊन जमीन त्यांनाच द्यावी, असा जिल्हाधिकाऱ्यांचा कल होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धुडकावलं, आणि सर्व राज्यांना गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितलं. पण त्याच निकालात एक अपवाद आहे, जो बुलडोझर निघताना कुणी वाचत नाही: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, किंवा जागेवर शाळा-दवाखाना असेल, तर नियमानुकूल करता येईल.

महाराष्ट्रात तर हा अपवाद पोटापाण्याचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक जमिनीची मागणी होती. मागासवर्गीय भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करावीत, असा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही मराठवाड्यात कित्येक घरं बापजाद्यांपासून गायरान कसतात आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. सरकारी यादीत हेही अतिक्रमण, आणि रस्त्याकडेला गाळे काढून भाडं खाणाऱ्याचंही अतिक्रमण! विश्वस्ताने दोघांना एका मापाने मोजायचं का? आम्हाला ते न्याय्य वाटत नाही. जमिनीवाचून ज्याची चूल पेटत नाही तो त्या ‘सामायिक’मधलाच एक आहे, गाळेवाल्याने सामायिक जमीन खाजगी केली आहे.

२०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम २२अ आलं. गायरानाचा वापर सहजासहजी बदलता येऊ नये हा त्याचा हेतू. कलम चांगलं आहे. पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही, हे ठरवणारा प्रस्ताव बहुधा कचेरीतच तयार होतो, आणि गावाला कळतं ते मोजणीवाले आल्यावर. म्हणून ग्रामसभेच्या नोटिशीत ‘गायरान’ हा शब्द दिसला की त्या दिवशी तरी सभेला जाऊन बसा, आणि ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढची तारीख तिथेच लिहून घ्या. तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत नाही.