विज्ञानलेख कसा लिहावा?

प्रयोग केला, निरीक्षणे वहीत टिपली, आलेखही काढला. पण त्यातून काय समजले ते दुसऱ्याला सांगता आले नाही, तर ते ज्ञान वहीतच पडून राहते. एकाने पाहिलेले दुसऱ्याने तपासावे, अशा रीतीने विज्ञान वाढते. तपासण्यासाठी ते आधी नीट लिहिलेले असावे लागते. म्हणून लेखन हे केवळ भाषेच्या तासाचे काम नव्हे. प्रयोगशाळेतील तराजूइतकेच ते शास्त्रज्ञाचे साधन आहे.

हे साधन सरावाने साध्य होते. मायकेल फॅरडे लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. त्याचे शालेय शिक्षण अगदीच जुजबी होते. १८१२ साली त्याने सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला. १८१२ पासूनच तो बेंजामिन ॲबट या मित्राला लांब पत्रे लिहू लागला होता. आपले विचार स्पष्ट मांडता यावेत, हा त्या पत्रांमागचा एक हेतू होता. पुढे याच फॅरडेने मेणबत्तीवर मुलांसाठी दिलेली व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली आणि जगभर वाचली गेली.

एका लेखात एकच प्रश्न

'उष्णता' हा लेखाचा विषय नव्हे. त्यावर ग्रंथ होईल. 'माठातले पाणी गार का होते?' हा लेखाचा विषय आहे. प्रश्न लहान असला की उत्तर पुरे करता येते.

आता हे वाक्य पाहा : "मृत्तिकापात्राच्या सच्छिद्रतेमुळे बाष्पीभवनाची प्रक्रिया घडून येऊन जलाच्या तापमानात घट होत असल्याचे दिसून येते." यात चूक काही नाही. पण वाचकाला काय समजले? तेच असे लिहून पाहू : "माठाच्या भिंतीला अगदी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते. तेथे त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते. ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी गार होते." येथे प्रत्येक वाक्य एकेक पायरी चढते. मधली एखादी पायरी गाळली तर ते लगेच ध्यानात येते. पुष्कळदा लिहिताना कळते की, ती पायरी आपल्यालाच नीट समजलेली नव्हती. लेखनाचा हा पहिला लाभ लिहिणाऱ्यालाच होतो.

त्यात आकडा घाला. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही सारी उष्णता माठातल्या पाण्यातूनच घेतली गेली असे धरले, तर १० ग्रॅम पाण्याची वाफ झाल्यास १ लिटर पाण्याचे तापमान सुमारे ५.८ अंश सेल्सिअसने उतरेल. 'बरेच गार होते' यापेक्षा हे सांगणे किती तरी वजनदार आहे!

आणि शेवटी स्वतःचे काही द्या. माठ आणि स्टीलचे भांडे शेजारी ठेवून दर अर्ध्या तासाने तापमान मोजा. दमट हवेच्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करा. पुस्तकातून उतरवलेला मजकूर संपादकाला लगेच ओळखू येतो. तुमच्या घरच्या माठाचे आकडे मात्र दुसऱ्या कोणाकडे नसतात.

पुन्हा लिहा

लेख पुरा झाला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग तो मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडखळेल तेथे वाक्य तोडा. धाकट्या भावंडाला वाचून दाखवा. "समजले का?" असे विचारू नका, कारण "हो" हेच उत्तर येईल. "आता तुझ्या शब्दांत सांग," असे म्हणा. तो जेथे थांबेल, तेथे दुरुस्ती हवी.

छापण्यासाठी पाठवताना

ज्या मासिकाकडे लेख पाठवायचा, त्याचे मागचे तीन-चार अंक चाळा. लेख किती लांबीचे असतात, कोणत्या वाचकासाठी असतात, ते पाहा. हाताने लिहीत असाल तर कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून लिहा आणि एक प्रत जवळ ठेवा. ई-मेलने पाठवत असाल तरी नाव, इयत्ता, शाळा व पत्ता लिहायला विसरू नका. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठीचा लेख फेब्रुवारीत पाठवून उपयोग नाही. अंकाची जुळणी बरीच आधी सुरू होते.

लेख परत आला तर? सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून एका इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवलेला निबंध तेथे छापला गेला नाही. त्यांनी तो जून १९२४ मध्ये आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो त्याच वर्षी प्रसिद्ध करवला. त्यातूनच बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी जन्माला आली.

लेखकाचे नाव मोठे असावे लागते, असेही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. त्या अनोळखी जगतापांना पहिले बक्षीस मिळाले!

तेव्हा आज एवढेच करा : घरातली एक साधी गोष्ट निवडा, तिच्याविषयी एक 'का?' विचारा आणि दहा वाक्यांत उत्तर लिहा. अकरावे वाक्य लागलेच, तर आधीच्या दहांपैकी कोणते गाळता येईल, ते पाहा.