छपरावरचे पाणी

पावसाचा जो आकडा वर्तमानपत्रांतून मिलिमीटरमध्ये छापला जातो, त्याचा आपल्या घराशी असलेला संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक हा संबंध अगदी सरळ आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे १ लिटर पाणी पडले. एवढे एकच प्रमाण लक्षात ठेवले, तर कोणत्याही गृहस्थाला आपल्या छपरावर वर्षभरात किती पाणी उतरते याचा हिशेब कागदाच्या एका तुकड्यावर मांडता येईल.

समजा, एका घराच्या छपराने ५० चौरस मीटर जमीन झाकली आहे आणि त्या गावी वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. या दोहोंचा गुणाकार ४०,००० होतो. छप्पर भिजण्यात, बाष्पीभवनात आणि उडून जाण्यात यातील सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडतो असे धरले, तरी ३२,००० लिटर पाणी उरते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दररोज ५० लिटर पाणी पुरते. म्हणजेच, जे पाणी पागोळ्यांवाटे अंगणात पडून गटारात वाहून जाते, ते या कामासाठी वर्षाहूनही अधिक काळ पुरण्याजोगे असते. जैसलमेरसारख्या ठिकाणी, जेथे वर्षाकाठी २०० मिलिमीटर पाऊसही पुरता पडत नाही, तेथे हेच छप्पर फार तर ८,००० लिटर पाणी देईल. पण तेही पाच महिन्यांची तहान भागवू शकेल.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंच्या निवासांलगत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधील अनेक घरांत चौकाच्या खाली टाके बांधलेले असे. पोरबंदर येथील महात्मा गांधींच्या जन्मघरातही असेच भूमिगत टाके आहे. पश्चिम राजस्थानात छप्पर पुरेसे नसे, म्हणून लोक टाक्याभोवतीची जमीन चोपून, उतरती करून स्वच्छ राखीत. तिला ते ‘आगोर’ म्हणतात. याउलट मिझोराममध्ये पाऊस उदंड, परंतु डोंगरमाथ्यावर वसलेल्या ऐजॉलसारख्या गावात पाणी ठरत नाही. तेथे उतरत्या पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून पाणी घरालगतच्या टाकीत घेण्याची रीत रूढ झाली. पावसाचे प्रमाण कितीही वेगळे असले, तरी पडेल ते पाणी जागच्या जागी धरावे, हे तत्त्व सर्वत्र एकच आहे.

हे काम हाती घेताना प्रथम छपराची परीक्षा करावी. मंगलोरी कौले, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि सिमेंटची गच्ची ही तिन्ही योग्य होत. गवताने शाकारलेल्या छपराचे पाणी रंग व वास धरते. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावरून अथवा शिसेयुक्त रंग दिलेल्या छपरावरून आलेले पाणी पिण्यासाठी वापरू नये. छपरावर झुकलेल्या झाडाच्या फांद्या छाटून टाकाव्यात, कारण पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा ही दोन्ही तेथूनच येतात.

त्यानंतर पन्हळीचे काम येते. प्लॅस्टिकचा नळ उभा चिरून त्याचे दोन भाग केले, किंवा साधा पत्रा अर्धवर्तुळाकार वाकवून घेतला, तरी उत्तम पन्हळ तयार होते. वर सांगितलेल्या आकाराच्या छपराला १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची पन्हळ साधारणतः पुरते. ती वळचणीखाली लोखंडी आधारांवर बसवावी आणि दर मीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार द्यावा. उतार नसल्यास पाणी पन्हळीतच साचून राहते. आधार दूर दूर असल्यास पहिल्याच मोठ्या सरीत ती मध्येच वाकते.

पन्हळीतून उतरणारे पहिले पाणी कधीही टाकीत घेऊ नये. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि घाण त्याच्यासोबत येत असते. हंगामातील पहिल्या एकदोन सरी बाहेर सोडून द्याव्यात आणि पुढेही प्रत्येक पावसाचा आरंभीचा भाग वगळावा. त्यासाठी उभ्या नळाला एक फाटा काढून तो ५० लिटरच्या पिंपात सोडावा. छपरावरचा पहिला १ मिलिमीटर पाऊस त्या पिंपात जातो. पिंप भरले की मागून येणारे पाणी आपोआप पुढे वळते. पिंपाच्या तळाशी तोटी असावी आणि पाऊस थांबल्यावर ते रिकामे करावे. एवढी साधी दक्षता न घेतल्यास पुढची सारी व्यवस्था व्यर्थ होते.

यापुढची पायरी गाळणीची. एका मोठ्या पिंपाच्या तळाशी जाड खडी, तिच्यावर बारीक खडी आणि सर्वांत वर धुतलेली जाडसर वाळू असे थर द्यावेत. वाळू खाली उतरू नये म्हणून थरांच्या मध्ये जाळी घालावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वाळू काढून धुवावी. मात्र अशा गाळणीने गढूळपणा जातो, सर्व रोगजंतू जात नाहीत, हे विसरता कामा नये. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, किंवा दर १,००० लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर वापरावी. पावडर बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे आणि किमान अर्धा तास गेल्यावर पाणी वापरावे.

टाकी केवढी असावी? पावसाळ्यानंतरचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस, रोज ५० लिटर पाणी हवे असेल तर १२,००० लिटर साठवावे लागतील. अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर उंचीपर्यंत भरणारी टाकी त्यास पुरते. या पाण्याचे वजन बारा टनांच्या घरात जाते. म्हणून पाया आणि भिंती यांचे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. अशी टाकी गच्चीवर बांधण्याचा विचारही करू नये. पन्हळ, पिंप आणि गाळणी ही कामे मात्र घरची माणसे निश्चित करू शकतात.

टाकीत प्रकाश शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरते. तिच्यात डासही शिरता कामा नये. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. झाकण घट्ट नसेल किंवा जादा पाण्याच्या नळाच्या तोंडावर बारीक जाळी नसेल, तर तहान भागविण्यासाठी बांधलेली टाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आजार देऊ लागेल. झाकणाला कुलूप असावे. लहान मुले असलेल्या घरी तर ते असलेच पाहिजे. बंद टाकीत प्राणवायू अपुरा असू शकतो. म्हणून सफाईसाठी उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळू द्यावी, एकट्याने कधीही उतरू नये, आणि आत कोणी बेशुद्ध पडल्यास मागोमाग आत उडी घेऊ नये. अशा धांदलीत एकामागून एक माणसे प्राणास मुकली आहेत.

टाकी भरून वाहू लागल्यावर उरलेले पाणी परसातील विहिरीला देता येते. केरळात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही उताराच्या जमिनीतून पाणी झपाट्याने निघून जाते आणि उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. यावर उपाय म्हणून त्रिशूर जिल्ह्यात २००८ साली छपरावरचे पाणी गाळून परसातील विहिरींत सोडण्याची ‘मळपोलिमा’ नावाची योजना सुरू झाली. मात्र विहिरीत छपराचे गाळलेले पाणीच सोडावे. अंगणातील, गोठ्याजवळील वा रस्त्यावरील पाणी सोडल्यास एका घराच्या चुकीने आसपासच्या साऱ्या विहिरी दूषित होतात.

तमिळनाडूने २००३ साली सर्व इमारतींना पावसाचे पाणी जिरविण्याची व्यवस्था सक्तीची केली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. एका शहराची संपूर्ण गरज केवळ छपरांनी भागेल, असे मानणे चूक होय. शिवाय कायद्याने पन्हळ लावता येते, पण ती साफ ठेवता येत नाही. गाळणीची वाळू बदलणे, पिंप रिकामे करणे, जाळी फाटली आहे काय हे पाहणे, ही कामे घरातील कोणीतरी आपली मानावी लागतात. वैशाखातील एक सकाळ त्यांना पुरते. ती सकाळ ज्या घराने दिली, त्या घरी पुढच्या वैशाखात हंडा घेऊन टँकरची वाट पाहण्याची वेळ येण्याचा संभव पुष्कळच कमी होतो.